निघताना काय म्हणायचं असतं

आत्याला सफरचंद कापून दिलेलं चालायचं नाही. अख्खं हातात घ्यायचं आणि कचकन चावायचं, तेही चारचौघांत, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की सत्तरी ओलांडलेल्या बाईचे दात किती पक्के आहेत. दात अर्थातच तिचे नव्हते. वरची कवळी मी केली होती आणि खालचीही मीच.

मी एका दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत काम करते. पुढे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेतात. त्या मापात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणात दात लावायचे, ते तोंडात बसवून बघायचे आणि मग पक्की कवळी करायची, हे माझ्याकडे. मेणातली कवळी बसवली की आम्ही माणसाला बोलायला लावतो. फ म्हणा, स म्हणा. फ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर कुठे टेकतात, स म्हणताना किती फट राहते, त्यावरून दात कमीजास्त करायचे. इतकी वर्षं लोकांच्या ओठांकडे बघत बसल्यामुळे समोरचा काय बोलतोय ते मला आवाज नसला तरी बरंचसं कळतं. लांब बसलेल्या बायका माझ्याबद्दल काय कुजबुजतात तेही कळतं. हा काही गुण नाही, डोक्याला ताप आहे.

आत्याची कवळी करताना तिने माझा जीव खाल्ला होता. तिचा पुढचा एक दात वाकडा होता, शेजारच्यावर जरा चढलेला. "तसाच वाकडा बसव," म्हणाली. मी म्हटलं, लोक सरळ दातांसाठी हट्ट धरतात. "लोकांना धरू दे. उद्या आरशात बघितलं तर माझी मला ओळख पटायला नको?" शेवटी मी तो दात वाकडा लावला. तिच्या टाळूचा साचा तर मी इतक्या वेळा हाताळला की डोळे मिटून ओळखला असता. वरच्या दातांमागे, टाळूच्या पुढच्या भागात बारीक वळ्या असतात. जीभ फिरवली की लागतात. बोटांच्या ठशांसारख्या त्याही प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. आत्याच्या डावीकडची एक वळी मध्येच दुभंगून परत जुळलेली होती.

तशी आत्या म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. बसचा ड्रायव्हर, फळवाला, गल्लीतलं मांजर, कुणाशीही बोलायची. पण एका बाबतीत तिचा नियम कडक होता. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. हे सगळ्याच घरांत सांगतात. आमच्या घरात त्याला कारण होतं. मी लहान असताना माझी आई घाईघाईत "जाते गं" म्हणून बाहेर पडली आणि रस्त्यावरच्या अपघातात गेली. वडील त्याआधीच गेलेले. मग मला आत्याने वाढवलं. मी दप्तर घेऊन निघाले की ती दाराच्या चौकटीला हात लावून वाट अडवायची. "काय म्हणायचं असतं?" मी म्हणायचे, "येते." ती म्हणायची, "हां. ये." मग हात खाली. मी चाळिशीला पोचले तरी हे चालू होतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण ते म्हटल्याशिवाय मला जिना उतरवत नसे. तिच्याशिवाय मला या जगात कोणी नव्हतं. हे आत्ताच सांगून टाकते.

जंगलातल्या शिल्पबागेचं खूळ तिनेच काढलं. कुठल्याशा जुन्या कॅलेंडरवर तिने फोटो बघितला होता. एका लाकडाच्या व्यापाऱ्याने फार पूर्वी जंगलातच जागा मोकळी करून ती बाग उभारली होती. आत राजे नाहीत, देव नाहीत. साधी माणसं, साध्या कपड्यांतली, दगडातली. "आपल्यासारखी," आत्या म्हणाली. माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही सकाळच्या बसने निघालो. डब्यात ब्रेड आणि उकडलेली अंडी, पिशवीत दोन सफरचंदं.

बस जंगलाच्या कडेला थांबते. तिथून बागेपर्यंत मातीची वाट आहे. आभाळ भरून आलेलं होतं, पण पाऊस नव्हता. फाटकाशी लाकडी खोलीत तिकीट देणारी बाई विणत बसली होती. तिने तिकिटं फाडून दिली आणि विणकामावरची नजर न काढता म्हणाली, "निघताना काही बोलू नका. मुकाट्याने या बाहेर."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे निघताना तोंड बंद ठेवा. इतर वेळी काय वाटेल ते बोला."

"असं मुक्याने निघायचं?" आत्या म्हणाली. "बरं दिसतं का ते?"

"नाही दिसलं तरी चालेल."

आत्या हसली. "जित्याची खोड गं बाई," म्हणाली, आणि पुढची म्हण अर्धीच सोडून आत शिरली.

पाचोळा, ओल, आणि झाडांच्या बुंध्यांमधून उभी असलेली माणसं. चौथरे नव्हतेच. पाय सरळ मातीत. एक धोबीण कपड्यांचं बोचकं कमरेला धरून होती. एक शिपाई, एक सुतार, कडेवर मूल घेतलेली बाई. दगड राखाडी, खांद्यांवर शेवाळ, कानांच्या मागे कोळ्यांची जाळी. शिल्पकार कोण ते कुणालाच माहीत नाही, असं पाटीवर लिहिलं होतं. काम अप्रतिम होतं, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होतं. सुताराच्या अंगठ्याचं नख ठेचलेलं होतं, तेही कोरलेलं.

पक्षी नव्हते. हे माझ्या उशिरा लक्षात आलं, आणि एकदा आल्यावर दुसरं काही लक्षात राहीना.

सगळ्यांचे चेहरे फाटकाकडे होते. सगळ्यांचं तोंड किंचित उघडं. मला खोड आहे, मी आधी तोंडच बघते. धोबिणीचे ओठ दोन्ही बाजूंना ताणलेले, दातांमध्ये बारीक फट, जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकलेलं. शिपायाचं तसंच. सुताराचंही. मी परत मागे जाऊन धोबिणीचं तोंड बघितलं.

"आत्या, ही सगळी एकच अक्षर म्हणतायत."

"कुठलं?"

मी स्वतःच ओठ ताणून बघितले. "ये."

आत्याने धोबिणीच्या तोंडाकडे निरखून बघितलं. "'येते' म्हणत असतील बिचारी. निघता निघता शब्द अडकला असेल."

"किंवा नुसतंच 'ये' असेल," मी म्हटलं. "आपल्याला बोलावत असतील."

गंमत म्हणूनच म्हटलं होतं. आम्ही दोघी हसलो. हसणं झाडांत कुठे घुमलं नाही, तोंडाशीच संपलं, आणि मग आत्याने माझा हात धरला. ती कधी कुणाचा हात धरून चालत नसे.

बागेच्या टोकाला एक दगडी बाक होता. त्यावर एक म्हातारी बसलेली, तीही दगडाची. हात मांडीवर, गाल आत गेलेले. आत्या दमली होती. तिच्या शेजारी टेकली. "हिचं माझं जमेल," म्हणाली.

मी मोबाइलचा दिवा लावून म्हातारीच्या तोंडात डोकावले. आत एकही दात नव्हता. हिरड्या होत्या आणि टाळू अगदी गुळगुळीत, वळ्या नाहीत, रेघ नाही. इतकं आतलं कोरायला कोण बसतंय, असं मला वाटलं.

"बोळकं आहे," मी सांगितलं.

"मग हिलाही एक कवळी करून दे की. का फक्त घरच्यांनाच करतेस?"

आम्ही तिथेच डबा खाल्ला. सफरचंदं परतीच्या बससाठी ठेवली. आत्या म्हातारीशी गप्पा मारत होती, गुडघ्यांबद्दल, शेजारच्या कुत्र्याबद्दल, माझ्याबद्दल. "हट्टी आहे, पण मायाळू आहे," असं माझ्याबद्दल म्हणाली. मी समोर बसलेली असताना असं ती मला कधी म्हणाली नव्हती. मला भरून आलं. मी पाण्याची बाटली भरायला जरा पलीकडच्या नळाकडे गेले.

नळाला धार बारीक होती. मला तिथून आत्या दिसत होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पिशवी खांद्याला लावली, म्हातारीच्या दगडी हातावर थोपटलं आणि म्हणाली, "बराय मग. येते हं."

"आत्या!" मी ओरडले. का ओरडले ते मला सांगता येणार नाही. बाटली हातातून निसटली. मी ती उचलायला वाकले.

वर बघितलं तेव्हा आत्या वाटेवर उभी होती, माझ्याकडे पाठ करून.

"तुला सांगितलं होतं ना त्या तिकिटवालीने," मी जवळ जात म्हटलं.

"जाऊ या," आत्या म्हणाली.

मी तेव्हा बाकाकडे वळून बघायला हवं होतं. मी आत्याच्या पायांकडे बघत होते. तिचा उजवा गुडघा दुखायचा, ती किंचित लचकत चालायची. आता लचकत नव्हती. विश्रांती मिळाली, बरं वाटलं असेल, असं मी स्वतःला समजावलं.

फाटकाशी ती तिकिटांच्या बाईशी बोलली नाही. त्या बाईच्या सुया थांबल्या. तिने आत्याकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि खिडकीची फळी ओढून घेतली.

बसमध्ये मी तिला सफरचंद दिलं. तिने ते हातात फिरवून बघितलं, पहिल्यांदाच बघावं तसं. मग चावली. सफरचंद तोंडापासून दूर केलं तेव्हा वरची कवळी त्यात रुतून बाहेर आली.

समोरच्या सीटवरची मुलगी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्याला काहीच वाटलं नाही. तिने कवळी सोडवून परत तोंडात घातली. ती तिच्या तोंडात खुळखुळत होती.

हिरड्या सुजतात, उतरतात. कवळी सैल होते. पण एका दुपारीत नाही. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. तिच्या हाताला माझा हात लागला होता आणि तो काढून घ्यावासा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले. चपला घातल्या, पिशवी घेतली, दाराशी थांबले. ती खुर्चीत बसून होती, हात मांडीवर ठेवून. मी वाट बघितली. जिन्यावरून शेजारचे काका उतरून गेले, त्यांनी मला विचारलंही की काही राहिलं का.

"आत्या, निघते गं," मी म्हटलं.

"जा," ती म्हणाली.

मी जिन्यात बसून रडले. रडायला काय झालं ते मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी एवढंच सांगितलं असतं की आत्या मला 'जा' म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मी तिला दवाखान्यात नेलं. कवळी सैल झाली आहे, नवं माप घेऊ, म्हटलं. ती निमूट आली. डॉक्टरांनी तोंडात बघितलं आणि त्यांना काही वावगं दिसलं नाही. हिरड्या छान आहेत, म्हणाले, या वयात इतक्या छान बघायला मिळत नाहीत. माप घेऊन माझ्याकडे दिलं.

मी प्लास्टर ओतलं, सुकू दिलं, साचा सोडवला. शेजारी आत्याचा जुना साचा ठेवला. जुन्यावर ती दुभंगलेली वळी होती.

नव्यावर काहीच नव्हतं. टाळू गुळगुळीत.

माप नीट आलं नसेल म्हणून मी डॉक्टरांना परत घ्यायला लावलं. परत तसंच. बाहेरच्या बाकावर ती बसून होती. दाराच्या फटीतून मला तिचे हात दिसत होते.

मी एकटीच गेले. तिला घरी ठेवून, शेजारच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगून. "काय लक्ष ठेवायचं?" काकू म्हणाल्या, "जागची हलत नाहीत त्या हल्ली. काय गुणी झाल्यात."

वाट तीच, पाचोळा तोच. धोबीण, शिपाई, सुतार. मी कुणाच्याही तोंडाकडे बघितलं नाही. थेट बाकाशी गेले.

म्हातारी बसली होती. गाल आत गेलेले नव्हते.

ओठ ताणलेले. दातांमध्ये फट. वरचा, पुढचा एक दात वाकडा, शेजारच्यावर जरा चढलेला. त्या दातांवरही शेवाळ होतं, पुष्कळ वर्षांचं, वाळून काळं पडलेलं.

मी बोट आत घातलं. दगड थंड होता आणि ओला. दातांमागे बोट फिरवलं.

डावीकडे, मध्येच दुभंगून परत जुळलेली.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. लहानपणी ठेवायचे तसं. काय काय बोलले ते आठवत नाही. सॉरी म्हणाले, घरी चल म्हणाले, तुझ्याशिवाय मी काय करू म्हणाले. दगड दगडच राहिला. मग फाटकावर शिट्टी वाजली. बाग बंद व्हायची वेळ झाली होती.

मी उठले. तोंडावर हात दाबून धरला आणि चालायला लागले. मुकाट्याने निघायचं. तिचा निरोप न घेता निघायचं. आयुष्यात पहिल्यांदा.

धोबीण मागे पडली. शिपाई मागे पडला. फाटक दिसायला लागलं.

"ठमे."

मला त्या नावाने एकच माणूस हाक मारत असे.

"काय म्हणायचं असतं?"

लहानपणापासूनची सवय. हात कधी खाली आला ते कळलं नाही. "ये—" एवढं तोंडातून गेलं, आणि मी जीभ चावली. पुढचं गिळलं. तोंडात रक्त आलं.

मागे काही हललं नाही. निदान मला ऐकू आलं नाही.

फाटकाशी तिकिटांची बाई उभी होती. "अर्धंच बोललात?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"'ये' म्हणालात."

तिने फाटक उघडून धरलं. मी बाहेर पडले. बऱ्याच अंतरावर गेल्यावर मला कडी लागल्याचा आवाज आला. मला जायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ तिने ते धरून ठेवलं होतं.

बसमध्ये मी पुढे बघत बसले. घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. जिना चढताना मी सावकाश चढले. एक पायरी झाली की थांबायचे, गुडघा दुखणाऱ्या माणसासोबत चढताना थांबतात तसं. असं का करतेय ते माझं मलाच कळत नव्हतं. मला भीती वाटत होती. आणि खरं सांगायचं तर भीतीच्या खाली कुठेतरी बरंही वाटत होतं.

किल्ली लावायच्या आत दार उघडलं.

ती दारात उभी होती. माझ्याकडे तिने बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. मग बाजूला सरली, आत येणाऱ्याला वाट द्यावी तशी, आणि तोंडातली कवळी काढली. बाहीला नीट पुसली.

"ही घे," ती म्हणाली, "तुझी आहे." तिने हात माझ्या खांद्यावरून मागे नेला आणि मूठ उघडली.

कवळी खाली पडल्याचा आवाज आला नाही.